कॅमेरा कोणता घेऊ? आधी सांगा, किती जवळ जाणार

‘कॅमेरा कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. विचारणारे बहुतेक आपल्याच भागातले असतात. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, परळी. कुणी नुकताच नोकरीला लागलेला असतो, कुणाला पहिली दोन वर्षं साठवलेले पैसे खर्चायचे असतात, कुणाचा भाऊ आखाती देशातून सुट्टीवर येणार असतो आणि ‘येताना काय आणू’ म्हणून त्याने विचारलेलं असतं. मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. माझं पोट दुसऱ्या नोकरीवर चालतं आणि फोटो मी शुक्रवारी दुपारनंतर आणि रविवारी काढतो. तरीही लोक विचारतात, कारण दुकानदाराला विचारलं तर तो जे विकायचं आहे तेच सांगतो आणि यूट्यूबवर विचारलं तर दोन लाखांच्या खाली कुणी बोलत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दोन बॉडींची नावं तयार असतात. याचे मेगापिक्सेल इतके, त्याचे तितके. हा एका सेकंदात इतके फोटो काढतो, तो तितके. लेन्सचं नाव त्या यादीत नसतंच. ‘लेन्स तर सोबत येते ना?’ असं वर विचारलं जातं. माझं म्हणणं असं की हा हिशेब उलटा मांडलेला आहे. आधी लेन्स ठरवावी आणि उरलेल्या पैशात बॉडी बघावी. आणि लेन्स ठरवायची तर आधी एकच गोष्ट स्वतःला विचारावी लागते. ज्याचा फोटो काढायचा आहे त्याच्यापासून आपण किती लांब उभे राहणार आहोत?

लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो, त्याचा सरळ अर्थ अंतर असा घ्यावा. उदाहरण देतो. आपल्या मोहल्ल्यातल्या घरांमध्ये बैठकीची खोली बहुधा दहा बाय बाराची. तिथे तुम्ही एका भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तर समोरचा माणूस जास्तीत जास्त दहा फुटांवर. कॅननच्या साध्या बॉडीला, म्हणजे ज्यात सेन्सर लहान असतो आणि ज्याला एपीएस-सी म्हणतात, ५० मिमी लेन्स लावली तर दहा फुटांवरून आडव्या फोटोत साधारण साडेचार फूट रुंदीचं चित्र मावतं. दोन माणसं शेजारी बसली की फ्रेम भरली. कॅमेरा उभा धरून एका उभ्या माणसाचा पायापर्यंत फोटो घ्यायचा तरी बारा फूट हवेत, म्हणजे पाठीमागची भिंत फोडावी लागेल. तिथेच २४ मिमी लावा. त्याच जागेवरून नऊ फुटांहून अधिक मावतं. दादी, तिच्या दोन्ही बाजूला नातवंडं, मागे उभ्या सुना, सगळे येतात. निकॉनची ३५ मिमी या दोन्हींच्या मधे बसते.

‘५० मिमी म्हणजे माणसाच्या नजरेसारखी लेन्स’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते ३५ मिमी फिल्मच्या किंवा तेवढ्याच मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला लागू आहे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरला तो लायका कॅमेरा घेऊन, आणि आयुष्यभर त्याची मुख्य लेन्स ५० मिमी होती. त्याचं नाव ऐकून आपण आपल्या लहान सेन्सरच्या बॉडीला ५० मिमी लावतो, तेव्हा ती ७५ किंवा ८० मिमीसारखी वागते. चेहऱ्याच्या फोटोला ती फार सुंदर आहे. घरात मात्र ती अडकते.

दुसरा आकडा उजेडाचा. कॅमेऱ्यासोबत डब्यात येणारी १८-५५ मिमीची झूम पूर्ण पुढे नेली की तिचं भोक एफ ५.६ एवढंच उघडतं. एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. शहेनशाह वलींच्या उरुसात रात्री कव्वाली चालू असते, वर दोन-चार बल्ब लटकलेले असतात. तिथे डब्यातल्या लेन्सने एक दशांश सेकंदाचा शटर लागतो आणि कव्वालाचा हात फोटोत धुरासारखा उमटतो. एफ १.८ असेल तर त्याच उजेडात शंभरांश सेकंद मिळतो आणि टाळी टाळीसारखी दिसते. हा फरक कुठल्याही बॉडीच्या जाहिरातीत मिळत नाही. आणि तो देणारी ५० मिमी एफ १.८ ही कॅननच्या आणि निकॉनच्याही सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे. जाता जाता एक सांगतो. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली शटर शंभरांशाहून वेगवान ठेवला की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटर पन्नासांश किंवा शंभरांश ठेवा. कॅमेरा बिघडलेला नाही.

आता बॉडी. मेगापिक्सेलचा विषय एका हिशेबात संपतो. आपल्याकडे लग्नाचा करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ चा छापतात, म्हणजे एक पान १२ बाय १८ इंच. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर ५४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २०१८ मध्ये आलेल्या निकॉन डी ३५०० आणि कॅनन १५००डी या सगळ्यात खालच्या बॉडींमध्येही २४ आहेत. आणि आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांचे फोटो अल्बमपर्यंत जातच नाहीत, ते व्हॉट्सअॅपवर जातात आणि तिथे पिळून निघतात. मग ४५ मेगापिक्सेल कशासाठी?

२०१८ पासून कॅनन आणि निकॉन दोघेही आरशाशिवायच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले. नव्या लेन्स तिकडेच निघतात. त्यामुळे आरशाचे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात स्वस्तात सुटू लागल्या. शौकिनाने याचं वाईट वाटून घेऊ नये, ही त्याच्या फायद्याची वेळ आहे. कारखान्याने बनवणं थांबवलं म्हणून फोटो निघणं थांबत नाही. मिररलेसचे फायदे खरे आहेत. तो हलका असतो, डोळा ओळखून फोकस करतो आणि बरेच मिररलेस अजिबात आवाज न करता फोटो घेतात. बयान चालू असताना किंवा कुणी दुआला हात उचललेले असताना तो ‘खटॅक’ आवाज किती बोचतो हे ज्याने काढलाय त्यालाच माहीत. बजेट असेल तर जरूर घ्या. पण पहिल्या कॅमेऱ्यासाठी घरातल्या दुसऱ्या खर्चाला हात लावावा एवढं त्यात काही नाही.

जुना माल घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. निकॉनच्या डी ३०००, डी ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. ५० मिमी एफ १.८ डी ही जुनी लेन्स स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात आणि डी ३५०० ला लावतात. फोटो निघतो, फोकस मात्र हाताने करावा लागतो. त्या बॉडीला नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच लेन्स हवी. डी ७५०० सारख्या वरच्या बॉडीत मोटर आहे. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. दुसरं म्हणजे शटर किती वेळा उघडलंय ते बघा. या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवतात. लग्नवाल्याचा कॅमेरा असेल तर तो दोन सिझनमध्ये तिथवर पोचलेला असू शकतो. तिसरं, लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून आत बघा. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती परत करा, कितीही स्वस्त असो.

आपल्याकडे बुरशीचा त्रास कमी. बीडला वर्षाचा पाऊस सहा-सातशे मिलिमीटर, हवा कोरडी. आपला दुश्मन धूळ आहे. मार्च ते जून काळ्या मातीची बारीक पूड हवेत असते, त्यात रस्त्यांची कामं आणि जिनिंगचा कापूस. अशा हवेत उघड्यावर लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके बसलेच, आणि बहुतेक मिररलेसमध्ये तर लेन्स काढताच सेन्सर उघडाच पडतो. सेन्सर नीट साफ करून देणारा बीडमध्ये मला सापडलेला नाही, मी छत्रपती संभाजीनगरला जातो. एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं आणि एक रजा. म्हणून माझा सल्ला असा की एक लेन्स लावा आणि ती लावलेलीच राहू द्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी बसते. रबरी फुगा शंभर-दोनशे रुपयांत येतो.

एका लेन्सवर राहायचं म्हटलं की लोकांचे चेहरे उतरतात. अब्बांकडे अॅग्फाचा क्लिक थ्री होता, भारतातच जुळणी झालेला. लेन्स पक्की बसवलेली, निवडायला काहीच नाही, एका रोलमध्ये १२ फोटो. आमच्या घरातले १९७० च्या आसपासचे जे काही फोटो आहेत ते त्याच डब्याने काढलेले आहेत. त्यातला एकही फोटो पाहून आजवर कुणी विचारलं नाही की ही लेन्स कोणती होती. सगळे विचारतात, ही विहिरीपाशी बसलेली कोण?

पैशांचं थोडं बोलतो, कारण आपल्या वाचकांसाठी हा प्रश्न निव्वळ परवडण्याचा नाही. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जे सांगतात त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम किमतीतून आधी सूट म्हणून वजा दाखवतात. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी. ज्यांना सूद टाळायचा आहे त्यांनी ‘शून्य टक्के’ हा शब्द वाचून समाधान करून घेऊ नये, पावती वाचावी. आणि ज्यांना सुदाचं काही वाटत नाही त्यांच्यासाठीही माझं म्हणणं तेच आहे, छंद उधारीवर करू नये. बीडच्या माणसाला उचल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आधी पैसे घ्यायचे आणि मग सहा महिने ते फेडण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात राबायचं. कॅमेऱ्याचे हप्ते चालू असले की तो कॅमेरा तुमचा राहत नाही. मग हप्ता निघावा म्हणून तुम्ही लग्नाच्या ऑर्डरी घेता, शुक्रवार जातो, रविवार जातो, आणि दोन वर्षांनी कॅमेरा बघितला तरी डोकं दुखतं. माझ्या ओळखीतल्या तिघांचं असं झालं. तिघांकडेही माझ्यापेक्षा चांगल्या बॉडी होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

कॅमेऱ्याच्या सेलमध्ये जोड-झूमचं पॅकेज असतं. डब्यातली १८-५५ आणि वर ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी. ‘थोडे पैसे टाका, लांबचंही येईल.’ नवशिका हरखून जातो आणि पहिलं वर्षभर ती लांब लेन्सच काढत नाही. २५० मिमी लेन्सने पासष्ट फुटांवरून उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेम भरून येतो. त्याला कळतही नाही. रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकलवर बसून तुम्ही शेतातल्या बाईचा कपाळावरचा घाम टिपू शकता.

आणि आपल्या जिल्ह्यात टिपण्यासारखं काय आहे हे बाहेरच्यांनी ठरवून टाकलेलं आहे. पहिली भेगाळलेली जमीन, दुसरी डोक्यावर हंडा घेतलेली बाई, तिसरे ऊसतोड कामगार. अलीकडे चौथं म्हणजे गुन्हेगारी. इंटरनेटवर बीड लिहून फोटो शोधा, याशिवाय फार थोडं सापडेल. पी. साईनाथांच्या १९९६ च्या पुस्तकाचं मराठी नावच ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ असं आहे. दुष्काळ कॅमेऱ्यालाही आवडतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेव्हा, आमच्याकडेही मोठ्या गाड्यांतून फोटोवाले आले होते. मांजरा धरणाच्या कोरड्या पात्रात एका बाईला रिकामी घागर घेऊन तीन वेळा चालायला लावलेलं मी पाहिलं. चौथ्या वेळी तिनेच विचारलं, ‘आता तरी पाणी येईल का?’ तो फोटो कुठे छापून आला असेल तर दिसायला उत्तमच असेल.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. ती जायलाच हवी होती. पण त्यानंतर गावोगाव जे कॅमेरे फिरले त्यांतल्या कितींनी त्या बाईला विचारलं की बाई, तुझा चेहरा दाखवू का? लांबच्या लेन्सला विचारावं लागत नाही, हीच तिची सोय आहे.

बाहेरचे येतात आणि जातात, त्यांच्याकडे दोन दिवस असतात. आपल्या शौकिनांनी तेच का करावं? दसरा झाला की आपल्याच डोळ्यांसमोरून टोळ्या निघतात. ट्रकवर संसार, चूल, शेळी, कोंबड्या, लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्यातले काही आपल्या वर्गात होते, काही आपल्या शेजारच्या गल्लीतले आहेत, त्यांत आपले मुसलमानही आहेत. ट्रक निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसणं बीडच्या माणसाला शक्य आहे, दिल्लीच्या माणसाला नाही. मग आपण पासष्ट फुटांवरून का काढतो? मी ३५ मिमी लावून जातो. त्या लेन्सने माणूस मोठा दिसायचा तर सहा-सात फुटांवर जावं लागतं. एवढ्या जवळ गेलं की तो ‘काय राव, कशाला?’ असं विचारतोच, आणि उत्तर द्यावं लागतं. कधी तो नको म्हणतो. मग फोटो निघत नाही, चहा होतो. कधी तो म्हणतो, ‘थांबा, पोराला शर्ट घालतो.’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. लांबून काढलेल्या फोटोत पोरगं उघडंच असतं, आणि लोक म्हणतात, किती वास्तव फोटो आहे! पोराला शर्ट घालावा ही बापाची इच्छा वास्तव नाही का?

मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढणारे सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम पाहा. गटारात उतरलेल्या माणसाच्या हातभर अंतरावर उभं राहून काढलेले फोटो त्यात आहेत. ते अंतर पैसे देऊन विकत मिळत नाही.

यावर माझा एक स्टुडिओवाला मित्र म्हणतो, ‘तुझं ठीक आहे, तू हौशी आहेस. मला स्टेजच्या खालून वरमाला काढायची असते, मला ७०-२०० लागतेच.’ बरोबर आहे, त्याला लागते. आणि जवळ जाणं हे आपोआप सभ्य होतं असंही मी म्हणत नाही. मयताच्या घरी रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर २४ मिमी धरणारेही मी पाहिलेत. त्यापेक्षा लांबची लेन्स परवडली, आणि कॅमेरा बॅगेत ठेवलेला तर आणखी बरा.

लांबची लेन्स कुठे शोभते तेही सांगतो. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोराला तुमची संमती-बिंमती कळत नाही, त्याला अंतर हवं असतं आणि ते दिलंच पाहिजे. तिथे २५० मिमी कमीच पडते, शौकीन लोक १५०-६०० घेऊन जातात. पण नायगावला तुम्ही वर्षातून किती वेळा जाणार? दोनदा? मग दोन दिवसांसाठी लेन्स भाड्याने आणा किंवा मित्राची मागा. बाकीच्या ३६३ दिवसांची लेन्स वेगळी असते. बीडची खजाना बावडी असो की पाण्यातलं कंकालेश्वर, या वास्तू तशाही लांबच्या लेन्सच्या नाहीत. बावडीत उतरलात की २४ मिमीसुद्धा अरुंद वाटते.

हे सगळं गेल्या वर्षी पुन्हा नव्याने आठवायचं कारण माझी भाची. वय २२, बी.एस्सी. झालेली, बीडमध्येच. ‘मामू, मला कॅमेरा घ्यायचाय’ म्हणाली. कशासाठी विचारलं तर तिचं उत्तर माझ्या बाकी सगळ्या विचारणाऱ्यांपेक्षा स्वच्छ होतं. निकाहमध्ये बायकांच्या बाजूचे फोटो नीट निघत नाहीत. पुरुष फोटोग्राफर आत येतो तेव्हा अर्ध्या बायका पदर ओढून घेतात, अर्ध्या उठून जातात. ज्या बसतात त्या पासपोर्टच्या फोटोसारख्या बसतात. त्यामुळे आमच्या घराण्यातल्या कितीतरी शाद्यांच्या अल्बममध्ये नानी नाही, खाला नाही. असून नाहीत.

तस्वीर काढावी की काढू नये यावर उलेमांमध्ये मतं आहेत आणि ज्या घरात ती नको असते तिथे कॅमेरा नेऊ नये, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. पण ज्या बायकांना फोटो हवा असतो आणि फक्त परका पुरुष नको असतो, त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो जुना आहे. बीड निजामाच्या राज्यात होतं तेव्हा सहाव्या निजामाचे, महबूब अली खान यांचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ होते. दरबाराने त्यांना ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला होता. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास पर्दानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो सांभाळायला एक इंग्रज बाई ठेवली. म्हणजे काचेच्या प्लेटा वापरणाऱ्या त्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं की काही फोटोंना कॅमेरा बदलून उपयोग नसतो, कॅमेऱ्यामागचा माणूस बदलावा लागतो.

भाचीच्या भावाने तिच्यासाठी नवीन फुलफ्रेम मिररलेस शोधून ठेवला होता, हप्त्यावर. मी तिला खोलीच्या मापाचा हिशेब करून दाखवला. जनाना बहुतेक घरात किंवा मंगल कार्यालयाच्या लहान हॉलमध्ये असतो. उजेड कमी, जागा कमी, गर्दी जास्त. मोठा कॅमेरा पुढे आला की बायका पुन्हा पदर ओढतात, समोर मुलगी असली तरी. शेवटी तिने वापरलेली कॅनन २००डी मार्क दोन घेतली आणि त्यावर २४ मिमी एफ २.८, जी इतकी चपटी आहे की कॅमेरा खांद्याच्या पर्समध्ये मावतो. पुढच्या तीन महिन्यांत शिकवणीच्या पैशातून ५० मिमी एफ १.८ आली, दुल्हनच्या चेहऱ्यासाठी. दोन्ही लेन्स, बॉडी, एक जादा बॅटरी आणि दोन कार्डं मिळून त्या फुलफ्रेमच्या नुसत्या बॉडीच्या निम्म्यालाही पोचलं नाही, आणि हप्ता एकही नाही.

आतापर्यंत तिने नात्यातल्या सहा शाद्या काढल्या. फोटो कुणाला द्यायचे, कुठे टाकायचे नाहीत, हे ती आधी घरच्या बायकांशी बोलून ठरवते आणि कार्ड स्वतःकडे ठेवते. सातव्या शादीला माजलगावच्या एका घराने पैसे देऊ केले, तेव्हा ती ‘घेऊ का, मामू?’ म्हणून विचारायला आली. घे म्हटलं. त्या अल्बममधल्या एका फोटोत सत्तरीच्या पुढच्या चौघीजणी दस्तरख्वानाभोवती बसून एकमेकींच्या ताटातली बोटी पळवताना हसताहेत. अंतर चार फूट असेल. मला तो फोटो तिने मोबाइलवर, घरच्यांची परवानगी घेऊन, एकदाच दाखवला आणि फोन परत घेतला.

सध्या तिला फ्लॅश हवा आहे. मी म्हणतो, आधी आयएसओ ३२०० ला घाबरणं सोड, दाणे आले तर येऊ दे. ती म्हणते, लोडशेडिंगमध्ये आयएसओ काय करेल? यावर आमचं अजून ठरलेलं नाही.